चेरमनची गाडी पाणी पिते

१

गाडी मधेच तापून बसली तर?

हा प्रश्न शिवकन्याच्या उशाला येऊन बसला तो उजाडेपर्यंत काही उठला नाही. बरं, एकटा आला असता तरी चाललं असतं. पण सोबत सगळं बिऱ्हाड घेऊन आला होता. जुईला दम लागला तर? नेमकी तेव्हाच लाइट नसली तर? लाइट नसली की वाफेचं मशीन म्हणजे नुसतं खेळणं. मग अंबाजोगाई गाठायची. अंबाजोगाई गाठायची म्हणजे गाडी. आणि गाडीचा तापमानाचा काटा तर घाटनांदूर सोडलं की वर चढायला लागतो.

दुष्काळ म्हणजे पाणी नाही, असं पेपरात येतं. शिवकन्याला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, दुष्काळ म्हणजे धूळ. शेताची धूळ, चारा छावणीची धूळ, टँकरच्या मागची धूळ. चार वर्षांच्या जुईच्या छातीत ती जाऊन बसायची आणि मग पोर बारीक शीळ घालत श्वास ओढायची. त्या शिळेसाठी शिवकन्याचा एक कान कायम जागा असायचा. दुसरा कान तिला स्वतःचं बोलणं ऐकायला लागायचा, कारण ती हल्ली स्वतःशी बरंच बोलायची.

शेजारी तिचा नवरा उत्तरेश्वर हातपाय पसरून झोपला होता. गावच्या सोसायटीनं चालवलेली छावणी त्याच्या गळ्यात होती. दिवसभर साऱ्या गावच्या जनावरांची काळजी करून तो दमायचा. त्यामुळं माणसांची काळजी करायचं खातं आपोआप शिवकन्याकडं आलं होतं, आणि ते ती जोडधंद्यासकट सांभाळत होती.

उजाडल्यावर ती अंगणात आली. पत्र्याच्या शेडखाली पांढरी गाडी उभी होती. आणि गाडीचा फॅन चालू होता.

रेडिएटरच्या पुढचा, इंजिन तापलं की आपोआप फिरतो तो फॅन. घर्रर्र करत, एकसुरी. शिवकन्यानं आधी दारातून मागं वळून बघितलं. किल्ली आत, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला. मग तिनं बोनेटवर हात ठेवला. पत्रा गार होता. दोन दिवसांत गाडी जागची हललेली नव्हती.

तिचा हात लागला आणि फॅन थांबला. थांबताना त्यानं जो आवाज केला, तो यंत्राचा होता यात तिला शंका नव्हती. फक्त तो ऐकून तिनं पदर सारखा केला. घरात थोरलं माणूस खाकरलं की करतात तसा.

२

गाडी मूळची सासऱ्यांची. अर्जुनराव सोसायटीचे चेअरमन. सारं गाव त्यांना चेरमन म्हणायचं, घरातही तेच. साखर कारखाना बंद पडून सामानाचा लिलाव झाला तेव्हा कुणी टेबलं घेतली, कुणी पंखे, एकानं तर नुसतं फाटक नेलं. चेरमननी पांढरी गाडी आणली. सीटवर पांढरा टर्किश टॉवेल अंथरून ते मागच्या डाव्या कोपऱ्यात बसायचे. गाडी गावातल्या गावात हनुमानाच्या पारापर्यंत जायची आणि परत यायची. पण काच खाली करून, नमस्कार घेत.

शेवटच्या वर्षी त्यांच्या किडन्यांनी राजीनामा दिला. डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं. तहानेनं जीव कासावीस झाला की चेरमन बाजेवरून ओरडायचे, "सरकार बी पाणी देईना अन् डॉक्टर बी देईना! मराठवाड्याचा अनुशेष हाय ह्यो. पार किडनीपातुर आलाय!" होळीच्या आधी ते गेले. पाणी मागत मागत गेले, आणि डॉक्टरांचं ऐकायचं म्हणून कुणी तांब्या पुढं केला नाही.

तेव्हापासून गाडी शिवकन्याकडं. लग्नाआधी ती शाळेत विज्ञान शिकवायची, गाडीही तेव्हाच शिकली होती. फिजिक्समध्ये तिला फर्स्ट क्लास होता, हे ती हल्ली मनातल्या मनात वरचेवर म्हणायची. लोक रामरक्षा म्हणतात तसं.

घाटनांदूरहून बंकट मेकॅनिक आला. उत्तरेश्वरचा वर्गमित्र, हाताला कायम ग्रीस आणि तोंडाचा पट्टा कायम चालू. बोनेटमध्ये डोकं घालून तो म्हणाला, "वैनी, सोपं असतंय. फॅन चालूच ऱ्हायला तर रिले, म्हंजे फॅनचं आतलं बटन, चिकटला. चालूच झाला न्हाई तर सेन्सर. दोन्ही हुयला लागलं तर वायरिंग."

"आणि गाडी गार असताना, किल्ली घरात असताना चालू झाला तर?"

"तर मालक," बंकट म्हणाला आणि स्वतःच हसला.

"धंद्याचं बोल बे बंकट्या," उत्तरेश्वर छावणीवर निघता निघता म्हणाला. "गाडी तापती ते आधी बघ."

बंकटनं नवा रिले बसवला. बोरच्या पाण्यानं रेडिएटरमध्ये क्षार साचला असणार म्हणून तो धुवायला हवा, असंही सांगितलं. मग धुवायला पाणी कुठून आणायचं, यावर दोघांनी थोडा वेळ आभाळाकडं बघितलं आणि विषय मिटला.

३

रिले बदलल्यावर फॅन गुमान राहिला. पण पाणी कमी व्हायला लागलं.

शिवकन्या रोज सकाळी गाडी गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून बघायची. काल काठोकाठ भरलेलं पाणी आज बोटभर खाली. परवा वीतभर. मोबाइलवर बोनेट उघडून हिंदीत बोलणाऱ्या एका दाढीवाल्याचे व्हिडिओ तिनं पाठ केले होते. पाणी गळत असेल तर खाली ओल दिसते. तिनं गाडीखाली पुठ्ठे अंथरले. पुठ्ठे कोरडे. पाणी इंजिनात जात असेल तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, धूर नाही. ऑइलमध्ये मिसळत असेल तर ऑइल दुधाळ होतं, ऑइल काळंभोर. दाढीवाला म्हणायचा, पानी कहीं ना कहीं तो जाएगा. शिवकन्या त्याला म्हणायची, अरे बाबा, तेच तर.

टँकर आठवड्यातून कधी यायचा ते टँकरलाही माहीत नसायचं. घरातलं पाणी पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि बाकीचं असं वाटलेलं. त्यात आता गाडीचा चौथा वाटा. एकदा तिनं बघितलं तर सासू चंद्रभागाबाई पिण्याच्या माठातलं पाणी तांब्यात घेऊन शेडकडं निघाल्या होत्या.

"आत्या, गाडीला पिण्याचं कशाला? वापरायचं चालतं."

"त्यांनी वापरायचं पाणी पिलंय का कधी जन्मात?" चंद्रभागाबाई म्हणाल्या.

शिवकन्याला वाटलं, आपण काहीतरी अर्धवट ऐकलं. "कुणी?"

"अगं, चेरमन गेले तवा दहा दिस दिव्यापाशी तांब्या ठिवला नव्हता का आपण? रोज ताजं पाणी. मग आदल्या दिसाचं कुठं वतावं? तुळशीला वतीत्यात. पर तुळस तर कवाच वाळून गेलती. दुष्काळाचं पाणी वाया कावून घालवायचं? मी म्हणलं, त्यांचंच पाणी, त्यांचीच गाडी. उत्तरेश्वरला म्हणलं, उघड झाकण. अन् वतलं."

"दहाही दिवस?"

"मग काय! एक दिस पाजून नऊ दिस उपाशी ठिवायचं?"

सासूनं झाकण उघडलं, तांब्या वाकवला, आणि भाकरी वाढताना म्हणतात त्याच आवाजात म्हणाली, "बास का अजून?"

४

हे सगळं अडाणीपणाचं आहे, असं शिवकन्यानं ठरवलं. ठरवायला तिला दुपार लागली.

पाणी ते पाणी. एच टू ओ. दिव्यापाशी ठेवलं म्हणून त्याचा उत्कलनांक बदलत नाही. गाडी पाणी पिते हा भाषेचा प्रकार झाला. बल्ब वीज खात नाही आणि घड्याळ चालत नाही. इथं ती अडखळली, कारण घड्याळ चालतं. मग तिनं तर्क सोडला आणि पान्हा घेतला.

जुई ओसरीवर बाहुलीला झोपवत होती. शिवकन्यानं आधी बॅटरीची एक तार काढली. मुळात वीजच नाही तर फॅन फिरणार कशानं? मग झाकण उघडून ती बाटलीनं हळूहळू पाणी ओतू लागली. आतून घट घट घट आवाज आला. साहजिक होतं. अडकलेली हवा बाहेर येते, पाणी आत जातं. बाटली पालथी केली तरी हाच आवाज होतो.

तिनं बाटली वर घेतली. ओतणं थांबलं.

घट.

एकच. उशिरा आलेला. पाणी नसताना गिळलेला.

शिवकन्या तिथंच उभी राहिली, बाटली छातीशी धरून. मग फॅन फिरायला लागला. सावकाश, जेवण झाल्यावर कुणी पाय हलवत बसावं तसा. बॅटरीची काढलेली तार तिच्या दुसऱ्या हातात होती.

वारा, ती स्वतःला म्हणाली. वाऱ्यानं फिरतो फॅन, हलका असतो. शेडच्या पत्र्यात खोचलेली वाळकी कडब्याची पेंढी होती. तिनं तिच्याकडं बघितलं. एकही काडी हलत नव्हती.

"आई," ओसरीवरून जुई म्हणाली, "तू कुणाशी बोलतीस?"

"कुणाशी नाही गं. स्वतःशीच."

"मग ते कावून मान हलवितेत?"

"कोण?" असं विचारायचं शिवकन्याच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं, झाकण लावलं, बोनेट आपटलं आणि आत जाऊन कांदे चिरत बसली. रडायचं कारण हाताशी असलेलं बरं.

५

संध्याकाळी तिनं उत्तरेश्वरला सांगितलं. निम्मंच. गिळण्याचं सांगितलं, मान हलवण्याचं ठेवून घेतलं.

"तू झोपत न्हाईस," उत्तरेश्वर म्हणाला. "छावणीत बी एक म्हैस हाय अशीच. रातभर जागती अन् दिवसा कशालाबी बुजती."

"आता मला म्हैस म्हणा."

"म्हशीला बरं वाटलं आज. गूळ घातला." आणि त्यानं खरोखरच खिशातून गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला. या माणसावर धड चिडताही येत नाही, हेच तिच्या संसाराचं मोठं दुःख होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बंकटला पुन्हा बोलावलं. पण नेमका तेव्हाच टँकर आला. सारा गाव घागरी घेऊन पळाला, शिवकन्याही जुईला काखेत मारून पळाली. परत आली तर बंकट येऊन गेलेलाही होता.

"काय म्हणाला?" तिनं सासूला विचारलं.

"काय म्हणतंय? बॅटरीची तार जोडली. बोनेटात डोकं घातलं, लई वेळ काढलंच न्हाई. मग काढलं तर तोंड पांढरंफटक. काहीतरी सामान पोत्यात घातलं अन् फटफटीवर बसून गेला. चा बी पिला न्हाई."

बंकट आणि चहा न पिता? शिवकन्यानं लगेच फोन लावला. बंद. घाटनांदूरलाही लाइट गेलेली असणार, चार्जिंग संपलं असणार. सामान म्हणजे जुना रिले वगैरे असेल. तिनं गाडीत बसून किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू झाली. काटा निमूट खाली. ती जरा निवांत झाली, आणि निवांत झाल्याचीच तिला काळजी वाटली.

६

जुईला दम लागला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर उन्हात. वावटळ आली, अंगणातून गिरकी घेऊन गेली, आणि मागं ती बारीक शीळ ठेवून गेली.

लाइट नव्हती. दम्याचा पंप दोनदा तोंडात दिला, फरक पडेना. पोरीच्या गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. उत्तरेश्वरचा फोन छावणीच्या गोंगाटात कुणी उचलेना. शिवकन्यानं किल्ली घेतली.

मागं उजवीकडं चंद्रभागाबाई, मांडीवर जुई. डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या टॉवेलवर कुणीच बसलं नाही. तिथं कुणी बसत नसेच.

घाटनांदूरपर्यंत गाडी वाऱ्यासारखी आली. पुढं रस्ता रुंद करायचा म्हणून उकरून ठेवलेला, आणि पुढ्यात एक पाण्याचा टँकर. तो बैलगाडीच्या चालीनं चालला होता आणि मागच्या नळातून गळत होता. तापलेल्या मातीवर ओली रेघ पडत होती नि पडल्या पडल्या नाहीशी होत होती. बाजूनं जायला जागा नव्हती. काटा चढायला लागला.

शिवकन्याला सगळं पाठ होतं. धावत्या गाडीला वारा मिळतो. हळू चालली की सगळी भिस्त फॅनवर. फॅनचा आवाज ऐकायला तिनं कान दिला. नको तेव्हा अंगणात घरघरणारा तो फॅन आता मुका होता.

दाढीवाला म्हणायचा, फॅन चालत नसेल तर हीटर पूर्ण सोडा. इंजिनाची उष्णता आत ओढली जाते. मे महिना, बीड जिल्हा, आणि शिवकन्यानं हीटर पूर्ण सोडला.

"अगं ए!" चंद्रभागाबाई ओरडल्या. "भट्टीत घातलीस का आमाला?"

"आत्या, इंजिन गार करायचंय."

"इंजिन गार अन् माणसं गरम? कुठल्या कालेजात शिकलीस?"

काचा सगळ्या उघड्या, आत भाकरी भाजेल अशी हवा, बाहेरून धुरळा. जुईची शीळ आणखी बारीक झाली. काटा लाल रेघेला भिडला. बोनेटच्या फटीतून वाफ निघाली, आणि शिवकन्यानं गाडी बाजूला घेऊन बंद केली. टँकर हलत डुलत, गळत गळत पुढं निघून गेला.

सावली नाही, माणूस नाही. मोटारसायकल येईना, जीप येईना. जवळ पाणी म्हणजे जुईची छोटी बाटली. आणि उकळत्या रेडिएटरचं झाकण तर आता उघडताच येत नव्हतं. फर्स्ट क्लास, ती म्हणाली. फर्स्ट क्लास, फर्स्ट क्लास.

तेव्हा चंद्रभागाबाई पोरीला तिच्या हातात देऊन खाली उतरल्या. गाडीच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या, पदर खोचला, आणि बोनेटवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं.

"अवो चेरमन!"

गाडी वाफ सोडत राहिली.

"जन्मभर मीटिंगा घेतल्याव. जमलं न्हाई की कोरम न्हाई म्हणून उठून जायचाव. ती खोड अजून गेली न्हाई? आत नात हाय तुमची. तिचा जीव नाकात आलाय अन् तुमी रुसून बसलाव? पाण्यापायी ना? कळतंय मला. न्हाई दिलं आमी, चुकलं. आता पोचवा. एवढं अंबाजोगाईला पोचवा. मग तिच्या वाटचं पाणी तुमाला. घ्या, सबूद दिला."

"आत्या!" शिवकन्या किंचाळली. "तिच्या वाटचं कशाला? माझ्या वाटचं म्हणा!"

चंद्रभागाबाईंनी वळून बघितलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "तोंडातून गेलं की गं," त्या म्हणाल्या. "अन् दिलेला सबूद फिरवलेला त्यांना खपत न्हाई."

आत, बोनेटखाली, कुणीतरी खाकरलं. आणि फॅन सुरू झाला.

७

शिवकन्यानं किल्ली लावली होती का, हे तिला नंतर कितीही आठवून आठवलं नाही.

पोर पुन्हा सासूच्या मांडीवर गेली आणि गाडी निघाली. काटा उतरला. उतरतच राहिला, नेहमीच्या जागेच्या खाली, पार तळाला, गाडी सुरूच न केल्यासारखा. शिवकन्याला माहीत होतं: रेडिएटर ठणठणीत कोरडा असला की सेन्सर खोटं सांगतो. त्याला पाणीच शिवत नाही, मग तो कशाचं तापमान सांगणार? म्हणजे काटा खाली आहे ही चांगली बातमी नव्हे. म्हणजे इंजिन आता कुठल्याही क्षणी जाम होणार.

झालं नाही. फॅन तेवढा घरघरत होता, मोठा, भरदार. आणि हीटर अजून पूर्ण सुटलेला होता, तरी त्याच्या जाळीतून गार हवा येत होती. एसीची नव्हे. ओलसर, तळाशी बादली आपटल्यावर विहिरीतून वर येते तशी. त्या हवेला शेवाळाचा वास होता. या पंचक्रोशीतली शेवटची विहीर आटून वर्ष झालं होतं.

"गार लागतंय," जुई म्हणाली. तिची शीळ थोडी सैल झाली होती.

शिवकन्यानं आरशातून मागं बघितलं. सासू उजव्या काचेला अगदी चिकटून बसली होती, एखाद्या नव्या नवरीसारखी, अंग चोरून. आणि डाव्या कोपऱ्यात तो पांढरा टॉवेल मधोमध दबला होता. शिवकन्यानं आरसा हातानं वर फिरवला आणि अंबाजोगाई येईपर्यंत त्यात फक्त गाडीचं छत दिसू दिलं.

८

दवाखान्यात डॉक्टरांनी जुईला लगेच वाफ लावली, इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं म्हणाले, "वेळेवर आणलंत. आता भ्यायचं कारण नाही." हे वाक्य ऐकायला शिवकन्या कित्येक महिने जागी होती. तिनं जुईचा चेहरा ओल्या पदरानं पुसला, सासूला खाटेपाशी बसवलं आणि उत्तरेश्वरला फोन करायला खाली आली. फोन हातातच वाजला. बंकट.

"वैनी, लाइट आत्ता आली, फोन आत्ता लागला. गाडी काढू नका बरं का अजाबात. फॅन माझ्याकडं हाय."

"कुठला फॅन?"

"तुमच्या गाडीचा. काल अख्खा काढून आणलाय, मोटारीसकट. हे काय, टेबलावर पडलाय माझ्या म्होरं."

शिवकन्या गाडीकडं बघत होती. गाडी सावलीत उभी होती, बंद, शांत.

"का काढलात?" तिनं विचारलं.

बंकटनं आवाज खाली आणला. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत असावं. "वैनी, मी बोनेट उघडलं तवा त्यो फिरत व्हता. अन् त्याची वायर माझ्या हातात व्हती. सुटलेली. म्हणलं, गाडी पेटायची एखाद्या वक्ती. काढून टाकावा. नीट बघावा."

"आता बंद आहे ना?"

"बंद हाय की. म्हंजे..." तो खोकला. "आज दुपारी थोडा फिरला. टेबलावरच. बराच फिरला तसा. वाऱ्यानं आसल, वैनी."

"वारा होता का तिकडं?"

"ते मी बघितलं न्हाई," बंकट म्हणाला. "मी बाहेर जाऊन उभा ऱ्हायलो. उन्हात."

फोन ठेवून ती गाडीच्या पुढ्यात गेली. बोनेट उघडायची तिची छाती झाली नाही. ती फक्त वाकली आणि पुढच्या जाळीतून आत बघितलं. फॅनच्या जागी गोल भोक होतं. आत काळोख. भर दिवसा इंजिनाचं काहीतरी दिसायला हवं होतं, एखादा बोल्ट, एखादा पाइप. तिचा पदर खांद्यावरून घसरून जाळीपाशी गेला आणि हळूच आत ओढला गेला. मग सैल सुटला. मग पुन्हा आत ओढला गेला. सावकाश, एका लयीत, दमलेलं माणूस झोपेत श्वास घेतं तसा. तिनं पदर हिसकून घेतला. जुईचं तोंड पुसलेलं ते ओलं टोक पापडासारखं कडकडीत वाळलं होतं.

ती जिना चढून वर आली. धावत नाही, असं स्वतःला बजावत, धावत.

जुई खाटेवर उठून बसली होती. गालांवर रंग आला होता, श्वास सरळ चालला होता, शीळ नव्हती. चंद्रभागाबाई शेजारी हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि नातीकडं बघत नव्हत्या. सिस्टर म्हणाली, "वाफेनंतर चूळ भरायला लावा, आणि पाणी भरपूर पाजा. केव्हापासून देतेय, घेईचना."

शिवकन्यानं पेला भरून तिच्या ओठांना लावला. जुईनं तोंड मिटून घेतलं. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

"पी गं माझी राणी. एक घोट."

जुईनं मान हलवली. पेल्यातल्या पाण्याकडं तिनं असं ओझरतं बघितलं, जसं दुसऱ्याच्या ताटाकडं बघू नये असं शिकवलेली पोरं बघतात.

"तहान नाही लागली का तुला?"

जुईनं आपला छोटा हात आईच्या गालावर ठेवला, समजूत घातल्यासारखा. हात गार होता, गाडीतल्या त्या हवेइतका.

"मला न्हाई लागत आता," ती म्हणाली. "माझं सगळं त्यांना दिऊन टाकलं. पर आई, तेवढ्यानं त्यांचं काहीच भागलं न्हाई. आता तुझं दिऊ का?"